सोळा बादल्यांचे काकाजी

झाकण दोन बोटांनी उचलायचं, मान थोडी पुढे करायची, डोळे मिटायचे आणि नाकानं एकच लांब श्वास घ्यायचा. मग झाकण परत ठेवून सांगायचं, "दोनशे चार. काल वांग्याचं भरीत. पाहुणे होते. अन् पाहुण्यायले तिखट लागलं."

दोनशे चारच्या वहिनी रिकामा हात हवेत ठेवून तशाच उभ्या. "तिखट लागलं हे कसं कळलं हो काकाजी?"

"भरतासंगं डझनभर केळं कोण खाते? बादली सांगते नं. मी फक्त ऐकतो."

चेहऱ्यावरून माणूस ओळखणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. आमचे काकाजी ओल्या कचऱ्याच्या बादलीवरून ओळखायचे.

रामदासपेठेतली आमची इमारत चार मजली, सोळा घरांची. "आमची" म्हणतो खरा, पण मी तिथला चौकीदार. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. सातवीत शाळा सुटली. मग फरशी बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर हिंडत हिंडत नागपूरला आलो. या इमारतीतल्या जुन्या फरश्या बदलायचं काम संपलं, ठेकेदार पुढच्या गावी गेला आणि मी मागे राहिलो, कारण सोसायटीला माणूस हवा होता आणि पंपाशेजारी एक छोटी खोली रिकामी होती. त्या खोलीवर माझा सगळा जीव. बायको गावी, मुलगी गावी. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. सेक्रेटरी साहेबांना एकदा धीर करून विचारलं, कुटुंबाला आणू का? ते म्हणाले, "बघू. आधी तुझं काम बघू." तेव्हापासून मी रोज सकाळी उठायचो तो हे "बघू" डोक्यात घेऊनच. नळ टपकला तरी वाटायचं, झालं, आता आपल्याला काढणार.

काकाजी तळमजल्यावर एकटे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बंगळुरूला. मूळ घर सावनेरकडचं, शेतकऱ्याचं, पण नोकरी सगळी सरकारी धान्य गोदामात. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर गहू काढायचा, हुंगायचा आणि सांगायचं, ओल धरली का, कीड पडणार का, किती दिवस टिकेल. सगळी नोकरी हेच केलं. "रिटायर झालो अन् घरी हुंगाले काहीच उरलं नाही," ते सांगायचे, "म्हणून कचरा धरला."

इमारतीच्या मागे, भिंतीलगत एक लांबट पट्टा होता. तिथे बांधकामाचे तुकडे पडले होते. काकाजींनी ते उचलून घेतले, विटांचे दोन हौद बांधून घेतले आणि सोळा घरांचा ओला कचरा त्यात जिरवायला सुरुवात केली. खत झालं तसे वाफे आले. मी आलो तेव्हा तिथे पालक होता, मेथी होती, अंबाडी होती, वांगी होती, भिंतीवर दोडक्याचा वेल होता आणि कोपऱ्यात एक लिंबाचं झाड होतं, जे काही केल्या फळ देत नव्हतं.

नियम एकच. सकाळी सात वाजता ज्याची बादली त्यानंच खाली आणायची. कामवाल्या बाईच्या हाती पाठवायची नाही. सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, का म्हणून? तर काकाजी म्हणाले, "साहेब, पोरगं शाळेत आपणच सोडतो नं? मग आपला कचरा काहून दुसऱ्याच्या हाती?" दुसऱ्या दिवशी साहेब पायजम्यावर, बादली घेऊन, रांगेत पाचवे.

माझी बादली म्हणजे रंगाचा एक रिकामा डबा. तिसऱ्या दिवशी काकाजींनी त्याचं झाकण उचललं. हुंगलं.

"चहा," ते म्हणाले. परत हुंगलं. "चहा. अन् चहा. जेवतो कुठं गा तू?"

"जेवतो साहेब."

"साहेब नको म्हणू. जेवतो कुठं?"

"इथंच. खोलीत."

"मग कांद्याचं एक टरफल नाही काहून? तीन दिवसांपासून पाहून राहिलो मी. खोटं बोलाचं असंल तर आधी या डब्याले शिकव."

वाटलं, आता हे वर जाऊन सांगणार की तुमचा चौकीदार उपाशी राहतो, कधीतरी गेटवर चक्कर येऊन पडेल. खरी गोष्ट एवढीच होती की मला स्वयंपाक येत नव्हता. गावी आईनं करून घातलं, ठेकेदाराकडे सगळ्यांचं एकत्र शिजायचं. एकट्यानं काय करायचं ते कळत नव्हतं. चहात बिस्किटं बुडवून दिवस चालले होते.

काकाजी वर गेले नाहीत. वाफ्याकडे गेले आणि अंबाडीची मोठी जुडी खुडून आणली. "चाल कोकण्या. आज शिकवतो." त्यांच्या ओट्यावर मी अंबाडी निवडली, उकळली, पाणी काढून टाकलं, ज्वारीच्या कण्या शिजवल्या, वरून लसणाची फोडणी घातली. पहिल्याच घासाला दात आंबले, तरी ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या सकाळी माझ्या डब्यात अंबाडीच्या काड्या होत्या, लसणाची सालं होती. काकाजींनी हुंगलं आणि म्हणाले, "पास."

सहावीनंतर मी कशात पास झालो असेन तर त्यातच.

पण खरा तमाशा दोडक्याचा. तीनशे दोनच्या मॅडम कॉलेजात शिकवायच्या. इमारतीत त्यांचा असा दरारा की त्या जिना उतरताना दिसल्या तरी मी स्टुलावरून उठून उभा राहायचो. एका सकाळी त्यांच्या बादलीत दोडक्याच्या शिरा निघाल्या, हिरव्यागार, कोवळ्या. मॅडम बादली रिकामी करून वर गेल्या. काकाजींनी त्या शिरा हौदातून उचलल्या, धुतल्या, केळीच्या पानात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"हे तीनशे दोनला देऊन ये."

"काकाजी, कचरा परत देऊ?"

"कचरा नाही गा तो. सांग त्यायले, तुमची चटणी खाली राहिली."

मी तीन जिने चढलो ते पाय मोजत. बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं, पानात पाहिलं.

"हा माझाच कचरा आहे."

"हो मॅडम. नाही मॅडम. काकाजी म्हणतात, ही चटणी आहे."

"तू माझा कचरा तीन मजले चढवून परत आणलास?"

"हो मॅडम."

दार बंद झालं. मी खाली येऊन ट्रंकेतले कपडे घडी घालायला घेतले. खरंच सांगतो. वाटलं, संध्याकाळपर्यंत निरोप येईल. दुसऱ्या दिवशी सातला मॅडम आल्या त्या एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन. वाटीत तीळ घालून परतलेली दोडक्याच्या शिरांची चटणी. "घ्या, चाखा," त्या काकाजींना म्हणाल्या. "मीठ कमी असेल तर उद्या माझ्या बादलीला सांगा, ती मला सांगेल."

काकाजींनी बोटानं चाखली. "झकास वं माय," ते म्हणाले, आणि उरलेली वाटी मला दिली.

रविवारी भाजीचे वाटे व्हायचे. तेही बादलीच्या हिशेबानं. पालकाचे देठ टाकणाऱ्याला त्या आठवड्यात पालक नाही. टरबुजाच्या सालीचा पांढरा भाग ठेवून भाजी करणाऱ्याला दोन वांगी जास्त. गमतीची गोष्ट असेल तर काकाजी ती चारचौघांत मोठ्यानं बोलायचे. पण दुखरी गोष्ट असेल तर तोंडातून शब्द नाही, सगळं भाजीतून. एकदा सेक्रेटरी साहेबांच्या वाट्याला लागोपाठ तीन रविवार नुसती कारली आली. साहेब चिडले. "काय काकाजी, आमच्यावर काय राग?" काकाजी शांतपणे म्हणाले, "राग नाही साहेब. बादलीले पाकाचा वास येऊन राहिला." साहेबांनी मागे वळून आधी आपली बायको कुठे आहे ते पाहिलं आणि कारली पिशवीत भरली. साहेबांना साखरेचं दुखणं होतं, हे मला पुढे कळलं.

उन्हाळा लागला की कूलरची पाळी. नागपूरचा उन्हाळा मी काय सांगू. आमच्याकडे ऊन चिकटतं, इथे भाजतं. सगळ्यांचे कूलर मागच्या खिडक्यांना, बागेकडे तोंड करून. टाकीतलं जुनं पाणी गटारात सोडायचं नाही, वाफ्यांना घालायचं, हाही काकाजींचाच कायदा. त्यामुळे संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर, मॅडम, सेक्रेटरी सगळे बादल्या घेऊन वांग्यांना पाणी घालताना दिसायचे. त्या पाण्यावरून कुरबुरीही व्हायच्या. "माझ्या कूलरचं पाणी मिरचीला, तुमचं तुम्ही पालकाला घाला." मला हे सगळं बघायला आवडायचं. गावापासून इतक्या लांब, आणि तरी कुणी मिरचीच्या पाण्यासाठी भांडतंय.

आता माझी चूक सांगतो.

काकाजींचा जीव त्या लिंबाच्या झाडात अडकलेला. रोज त्याच्यासमोर उभे राहायचे. "काय गा, यंदा तरी?" झाड हिरवंगार, पण लिंबाचं नाव नाही. मला स्वयंपाक शिकवला, माझी घडी बसवली, त्या माणसासाठी आपण काहीतरी करावं असं मला सारखं वाटायचं. आणि मला एकच गोष्ट येत होती. आमच्याकडे माड धरेना झाला की आई माशांची डोकी, आतडी, खवलं सगळं त्याच्या मुळात पुरायची. वर्षभरात झाड लगडायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी, सगळी इमारत कूलरपुढे झोपलेली असताना, मी बाजारात जाऊन मासेवाल्याकडून पिशवीभर डोकी आणि आतडी आणली. त्यानं दोनदा विचारलं, "मांजर पाळलं का?" लिंबाच्या बुंध्याशी हातभर खड्डा करून सगळं पुरलं, माती दाबली, पाणी घातलं. मन कसं भरून आलं होतं. वाटलं, पावसाळ्यात फळ धरेल, मग सांगू.

आमच्या खाडीवर वारा असतो. तिथली जमीन वाळूची. तिथे कुणाच्या खिडकीला कूलर नसतो. हे मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासपेठेतली झाडून सगळी मांजरं आमच्या बागेत होती. लिंबाच्या बुंध्याशी त्यांनी विहीर खणली होती. पालक आडवा, मेथी भुईसपाट. डोकी तर त्यांनी पळवलीच, पण वास मागे ठेवला. आणि तो वास सोळा कूलरनी ओढून, ओलं गवत लावून, थंड करून, घराघरातल्या बेडरूममध्ये सोडला. तीनशे दोनच्या मॅडमचा उपास होता. त्या नाकाला पदर लावून गॅलरीत उभ्या. सेक्रेटरी साहेब बनियनवर खाली धावले. "मासे! आपल्या आवारात मासे! कोणी?"

सगळ्यांच्या नजरा चारशे एककडे गेल्या, कारण इमारतीत मासे फक्त तिथेच शिजायचे. चारशे एकचे भाऊ बिचारे बादली छातीशी धरून म्हणत होते, "माझी बादली बघा. भेंडी आहे. भेंडी!"

काकाजी आले. खणलेल्या मातीपाशी वाकले. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. ते उठले, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आपल्या घरात निघून गेले.

मला वाटलं, यांना कळलं. आता सांगितलं तरी मी गेलो आणि नाही सांगितलं तरी त्यांच्या मनातून गेलो.

संध्याकाळी सहाला गेटजवळ खुर्च्या टाकून सभा. खुर्च्या मीच मांडल्या. सेक्रेटरी साहेब कागद घेऊन उभे राहिले. "बास झालं हे खत प्रकरण. हौद बुजवा, मागे फरशी घाला, चार गाड्या तरी उभ्या राहतील."

"फरशी बसवायला माणूस घरचाच आहे," कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं. दोघेतिघे हसले.

"तो आता कशाला," साहेब म्हणाले. "बाग गेली की चौकीदार पण एजन्सीचा घेऊ. गणवेश, शिट्टी, सगळं त्यांचं."

म्हणजे मी मागे फरशी बसवायची आणि पुढच्या दारानं जायचं. गावी बायकोनं मुलीच्या शाळेचं विचारायला सुरुवात केली होती. जूनला पाच पूर्ण होत होती. मी तिला फोनवर सांगितलं होतं, साहेब "बघू" म्हणालेत, म्हणजे होईलच.

डॉक्टर म्हणाले, "आधी हे कुणी केलं ते तर कळू द्या. काकाजी, तुमचं नाक काय म्हणते?"

काकाजी खुर्चीत सरळ बसले.

"मले सर्दी आहे," ते म्हणाले.

"सर्दी? एप्रिलमध्ये?"

"उन्हाची सर्दी. वेगळी असते."

"काकाजी, पंचेचाळीस डिग्री आहे!"

"म्हणूनच झाली नं बाप्पा."

चारशे एकचे भाऊ मान खाली घालून बसले होते. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी काकाजी आयुष्यात पहिल्यांदा नाकाबद्दल खोटं बोलले, असं मला वाटलं, आणि मग मला बसवेना. मी खुर्च्यांच्या मागे उभा होतो, तिथून पुढे आलो. "मी केलं," म्हणालो. "चारशे एकनं नाही. मी मासेवाल्याकडून आणलं. लिंबाला पुरलं. आमच्याकडे आई पुरायची, माडाला. फळ धरतं. काकाजींना लिंबू पाहिजे होतं."

एवढंच बोललो. आवाज कुठून आला माहीत नाही.

पहिले चारशे एकचे भाऊ उठले. "म्हणजे मी नाही! अहो, सकाळपासून माझी बायकोसुद्धा माझे हात हुंगून राहिली!"

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा उपास, त्यांची बेडरूम, सगळ्यात जास्त त्रास त्यांना. मी मान खाली घातली.

"फळ धरतं?" त्या म्हणाल्या.

"अं?"

"मासे पुरले की. खरंच धरतं?"

"माडाला धरतं मॅडम."

"लिंबाला?"

"लिंबाला... आता मांजरांनी सगळं नेलं मॅडम."

आधी डॉक्टर हसले, मग दोनशे चारच्या वहिनी, मग सगळीच सभा. सेक्रेटरी साहेब कागद हलवत म्हणाले, "हसू नका. शिस्तीचा प्रश्न आहे. याला ठेवायचं की नाही?"

"ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. "टाकलेला कचरा तीन जिने चढून परत आणणारा माणूस एजन्सी देणार आहे का?"

"पण उद्या परत काही पुरलं तर?"

तेव्हा काकाजी उठले. "साहेब, एकटा माणूस असे उद्योग करते. दुपारी हाताले काम नाही, घरात बोलाले कोणी नाही. याची बायको इथं असती तर तिनं पुरू देले असते का मासे?"

"म्हणजे?"

"म्हणजे खबरदारी म्हणून याच्या बायकोले बोलवा. सोसायटीच्या हिताचं आहे."

"शिक्षा म्हणून कुटुंब आणायचं म्हणता?" साहेब म्हणाले.

"बायको म्हणजे शिक्षा का, काकाजी?" मॅडमनी डोळे वटारले.

"शिक्षा नाही वं माय. बंदोबस्त."

हात वर झाले. मी मोजले नाहीत, मोजायची हिंमत नव्हती. पण सेक्रेटरी साहेबांचा हातही अर्धा वर होता, कानापर्यंत.

दुसऱ्या सकाळी सगळे येण्याआधी मी काकाजींकडे गेलो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. मी म्हणालो, "तुम्हाला सगळं कळलं होतं. माझ्यासाठी सर्दीचं सोंग केलंत."

काकाजी हौदाच्या काठावर बसले. इकडेतिकडे पाहिलं.

"सोंग नाही गा," ते हळू आवाजात म्हणाले. "होळीच्या टायमाले ताप आला होता नं, तवापासून नाक गेलं. मले कशाचाच वास येत नाही. मासे होते हेच मले साहेबाच्या ओरडण्यावरून समजलं."

"पण तुम्ही वाकून श्वास घेतलात..."

"सवय."

"मग इतके दिवस बादल्या?"

"डोळे आहेत नं. सालं दिसतात. बाकी अंदाज." त्यांनी हौदातलं एक साल उचलून परत टाकलं. "तू बोलला तवा मले समजलं की तू होता. तोवर मी पण चारशे एकवरच संशय घेऊन राहिलो होतो."

आपण ज्यासाठी रात्रभर त्यांचे उपकार मानले ते घडलंच नव्हतं. आणि तरी मी काल जे बोललो ते त्यांच्या त्या सर्दीमुळेच बोललो.

"कोणाले सांगू नको बरं," ते म्हणाले. "गोदामात असतो तर बिननाकाच्या माणसाले घरीच बसवलं असतं. इथं सोळा घरं सकाळी खाली येतात ते काय माह्या चेहऱ्यासाठी?"

तेव्हा मला कळलं की या इमारतीत भिऊन उठणारा मी एकटाच नव्हतो.

मग आमची जोडी जमली. मी हौदाशी फावडं घेऊन उभा राहायचो, बादली आली की आधी मी हुंगायचो आणि माती ओढता ओढता पुटपुटायचो. "मेथी." काकाजी डोळे मिटून मोठ्यानं, "मेथी!" पण माझं नाक खाडीवरचं. त्याला सुकट आणि बांगडा यांतला फरक कळतो, पाटवडी आणि झुणक्यातला कळत नाही. एकदा मी "पाटवडी" म्हणालो, काकाजींनी थाटात जाहीर केलं, आणि डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "काल तर आम्ही बाहेर जेवलो." काकाजी म्हणाले, "हो, पण मनात होती नं पाटवडी?" त्या विचारात पडल्या.

असं महिनाभर चाललं असेल. मग एक दिवस मॅडम जिन्यातूनच ओरडत आल्या, "काकाजी, ओळखा बघू! काल आमच्याकडे फणसाची भाजी होती!" त्यांच्यामागून दोनशे चार, "ओळखा, आज पोह्यांत कांदा जास्त झालाय!" सेक्रेटरी साहेब पाचव्या नंबरावर, पायजम्यावर, "काकाजी, आज पाक नाही. शपथ." काकाजींनी झाकण उचलायचं, हुंगायचं, आणि जे त्यांनीच सांगितलं ते त्यांना परत सांगायचं. मग सगळे "वा!" करायचे. मी कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. सोळा घरं, रोज सकाळ, काय लपणार होतं?

काकाजींना हे कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. एकदा ते मला हळूच म्हणाले, "लोकायचं नाक आजकाल लय तेज झालं गा."

जूनमध्ये बायको आणि मुलगी आली. बायकोनं पहिल्याच दिवशी बाग पाहिली, मांजरांची कथा ऐकली आणि कपाळावर हात मारला. पावसाळ्यात लिंबाला फुलं आली. मग लिंबं आली, सोळा घरांना पुरतील इतकी. मी छाती काढून म्हणालो, "बघा, मासे." काकाजी म्हणाले, "मासे कुठं? मांजरायनं खोदून मुळं मोकळी केली म्हणून." हा वाद आम्ही शेवटपर्यंत मिटवला नाही.

थंडीत, जानेवारीत, ते दोन दिवसांच्या दुखण्यानं गेले. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मी बाहेरच्या बाकावर होतो. त्यांची मुलगी बंगळुरूहून पोहोचेपर्यंत आमच्या इमारतीतला कुणी ना कुणी प्रत्येक तासाला तिथे होता. पुढचे दोन दिवस सकाळी सातला कुणीच खाली आलं नाही. तिसऱ्या दिवशी आले, बादल्या रिकाम्या केल्या, आणि वर गेले. खत होतंय, भाजी होतेय. वाटे आता मॅडम करतात. त्या कडक आहेत.

परवा मुलीच्या शाळेत गेलो होतो. बालवाडी संपली, आता पहिली. मागच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर "स्थानिक संपर्क" म्हणून काकाजींनी स्वतःचं नाव लिहून दिलं होतं. तो कागद कारकून बाईंनी फायलीतून काढला. टपोरं, सरकारी अक्षर. नावापुढे "नातं" असा रकाना, आणि त्यात काकाजींनी लिहिलेलं, "एकाच आवारातले".

"यांना एकदा सहीला घेऊन या," बाई म्हणाल्या.

"ते गेले. जानेवारीत."

"अरे. मग हे नाव खोडा आणि दुसऱ्या कुणाचं लिहा."

त्यांनी पेन दिलं. मॅडमना विचारून ठेवलंच होतं, त्या लगेच हो म्हणाल्या होत्या. मी पेन टेकवलं, पण खोडवेना. मागची रांग चुळबुळायला लागली.

"हे राहू दे का?" मी विचारलं. "खाली दुसरं लिहितो."

"लिहा. नातं पण लिहा."

मी मॅडमचं नाव लिहिलं आणि त्यापुढे तेच लिहिलं. बाईंनी कागद वळवून पाहिला.

"एकाच आवारातले. असं नातं असतं का हो?"

"आमच्या इमारतीत असतं."

"कितीजण आहेत असे?"

"पंधरा घरं."

"रकान्यात एकच नाव मावतं," त्या म्हणाल्या. मग कागद परत डोळ्यांजवळ नेला. वर काकाजींचं टपोरं नाव, खाली माझ्या बारीक अक्षरात मॅडमचं.

दोन मावली होती. बाईंनी शिक्का मारला.